चार्ल्स फिनी: पश्चात्तापाच्या बाकावरून गुलामगिरीविरोधाकडे कसं?

पानोपानी: एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन ख्रिस्ती प्रचारक फिनी, याच्या पुनरुज्जीवन सभांमुळे (लोकांची श्रद्धा पुन्हा जागवणाऱ्या धर्मसभांमुळे) अमेरिकेत दारूबंदी आणि गुलामगिरीविरोधी चळवळींना जोर आला, असं नेहमी वाचायला मिळतं. पण सभेत रडून पश्चात्ताप करणं आणि गुलामगिरीविरुद्ध उभं राहणं, यांतला दुवा कोणता? तो आधी वकिली करायचा, त्याचा काही संबंध?

शोधयात्री: दुवा शिकवणीतच आहे. जुना कॅल्विनवाद, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्मातला एक कडक पंथविचार, सांगे की माणूस मूळ पापाने जखडलेला आहे, देवाने निवडलं तरच तारण. फिनीचं म्हणणं, पाप ही तुमची स्वतःची निवड आहे, म्हणून ते आज, याच सभेत सोडता येतं. वकिली इथे दिसते. श्रोत्यांना ज्यूरी समजून तो साध्या बोलीत युक्तिवाद करायचा आणि निकाल तिथल्या तिथे मागायचा.

बाक त्यासाठीच. १८३०-३१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात पुढची आसनं मोकळी ठेवत. ज्याचं मन हललं त्याने सगळ्यांदेखत उठून तिथे बसायचं, मग त्याच्यासाठी प्रार्थना. गावातला प्रतिष्ठित माणूस उठला की बाकीच्यांना बसून राहणं जड जायचं.

आता हाच युक्तिवाद गुलामगिरीला लावून बघा. पाप आत्ता सोडता येतं, तर गुलामांची मुक्तता हळूहळू कशाला? ‘तात्काळ मुक्ती’ मागणारा थिओडोर वेल्ड फिनीच्याच प्रभावातून घडला. ३१ डिसेंबर १८३० ला रॉचेस्टरमध्ये त्याने दारूविरुद्ध भाषण केलं, आणि त्यानंतर तिथल्या दुकानदारांनी व्हिस्कीची पिंपं रस्त्यावर ओतली.

उजळणी: सहमत, पण फिनीला चळवळीचा पुढारी म्हणू नये. न्यूयॉर्कच्या चॅटम स्ट्रीट चॅपलमध्ये त्याने गुलाम बाळगणाऱ्यांना प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा पवित्र विधी) नाकारलं, ही धाडसाचीच गोष्ट. मात्र त्याच चॅपलमध्ये कृष्णवर्णीयांची आसनं वेगळी होती, आणि हे मला फार खटकतं. चळवळ पुनरुज्जीवनाला गिळून टाकेल अशी धास्ती त्याने १८३६ मध्ये वेल्डला पत्रातून कळवली होती. आधी अंतःकरण बदलायचं, सुधारणा त्यामागून, हा क्रम त्याने सोडला नाही.

पानोपानी: मग ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजने कृष्णवर्णीयांना प्रवेश दिला, त्याचं श्रेय कोणाचं?

शोधयात्री: एकट्या फिनीचं नाही. सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीने (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाने) १८३४ मध्ये गुलामगिरीवरच्या चर्चेला बंदी घातली, तेव्हा बरेच विद्यार्थी बाहेर पडले. १८३५ मध्ये त्यांतले काही ओबरलिनला आले, न्यूयॉर्कचे व्यापारी टॅपन बंधू यांनी पैसा दिला आणि फिनी धर्मशास्त्राचा प्राध्यापक झाला. कळीची अट एकच होती: अंतर्गत कारभार विश्वस्तांकडे नाही, शिक्षकांकडे. या अटीमुळेच कृष्णवर्णीयांच्या प्रवेशाचा प्रश्न सुटला. १८३७ मध्ये चार मुलींना पदवीच्या वर्गात घेतलं.