मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन डोलोमाईट्स, महायुद्धातले बोगदे बघायचेत, गुडघ्याचं काय करू?

इसारकाठची:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही म्युनिकला असतो (मी, नवरा आणि ९ वर्षांची मुलगी) आणि यंदा आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येतायत साताऱ्याहून. बाबा ६६, आई ६१. पॅरिस, स्वित्झर्लंड असलं काही नको हे बाबांनी आधीच सांगून टाकलंय, त्यांना एकच गोष्ट बघायचीय, इटलीत डोलोमाईट्सच्या डोंगरांमध्ये पहिल्या महायुद्धात खोदलेले बोगदे. बाबा फौजेत होते, सियाचिनला एक टेन्युअर झालेला, त्याबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही, पण गेल्या दिवाळीत कुणीतरी मार्मोलाडाच्या त्या बर्फातल्या शहराचा व्हिडिओ पाठवला, म्हणजे ऑस्ट्रियन सैनिकांनी ग्लेशियरच्या पोटात १२ किलोमीटर बोगदे काढून आत बराकी, किचन, दवाखाना सगळं थाटलं होतं ते, आणि तेव्हापासून रोज सकाळी गुड मॉर्निंगऐवजी मला लिंक येते.

तर मी जेवढं वाचलं त्यावरून कोर्टिनाजवळ लागाझुओईचे बोगदे सगळ्यात सोयीचे दिसतायत, केबल कारने वर जायचं आणि डोंगराच्या आतून पायऱ्यांनी खाली उतरायचं. पण बाबांचा उजवा गुडघा. चढताना काही त्रास नाही, रोज सकाळी अजिंक्यतारा चढतात, पण उतरताना कुरकुरतो. आईला उंचीची भीती, रोपवेत डोळे मिटून रामरक्षा म्हणते. मुलीला सगळं चालतं, फक्त दर अर्ध्या तासाने खायला लागतं.

दुसरी अडचण तारखांची. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आलेत, गौरी घरात असतात, त्यामुळे आई म्हणते सगळं उरकून २२-२३ला निघू. चालेल का? आणि कोर्टिनात तीन-चार दिवसात नक्की काय काय करावं? गाडी आमची आहे. व्हिया फेराटा (कड्याला ठोकलेल्या तारा धरून चढायची वाट) वगैरे आम्हाला जमणार नाही, आधीच सांगते.

डोंगरकपारी:
आधी तारीख बदला, बाकी नंतर बोलू. तिथले बरेच रिफुजिओ (डोंगरावरची राहण्या-खाण्याची घरं) साधारण २० सप्टेंबर ते महिनाअखेर या दरम्यान बंद होतात, वर बर्फही पडायला लागतो. आईंना म्हणावं गणपतीच्या आधी या, ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते ७-८ सप्टेंबर, आणि गणपतीला घरी परत. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी हमखास विजा कडाडतात, सप्टेंबर सुरू झाला की ते कमी होतं आणि गर्दीही ओसरते. पण काहीही असो, सकाळी लवकर निघून दुपारी एक-दोनच्या आत उघड्या कड्यावरून खाली यायचं.

मार्मोलाडाबद्दल बाबांना आत्ताच सांगून ठेवा की ते बर्फाचं शहर आता नाहीये. ग्लेशियर सरकत असतो, वितळत असतो, त्यात ते सगळं चिरडून गेलं, अधूनमधून लाकडं नि पत्रे तेवढे बाहेर येतात. ३ जुलै २०२२ला तिथे ग्लेशियरचा मोठा तुकडा कोसळून ११ जण गेले. पण मालगा चापेलाहून केबल कार आहे, मधल्या सेराउता स्टेशनवर जवळपास ३००० मीटरवर युद्धाचं म्युझियम आहे, गुडघ्याला काडीचा त्रास नाही. तिथे १३ डिसेंबर १९१६च्या हिमस्खलनाचं वाचायला मिळेल. ग्रान पोझच्या बराकी गाडल्या गेल्या, अडीचशेच्या वर ऑस्ट्रियन सैनिक एका सकाळी गेले. तिथल्या कॅप्टनने जागा धोक्याची आहे, हलवू द्या म्हणून वर कळवलं होतं, वरून नकार आला होता.

गुडघेदुखी क्लब:
लागाझुओईचा बोगदा उतरलेली मी एक अभागी बाई. ऐका.

पायऱ्या म्हणजे आपल्या गडावरच्या पायऱ्या समजू नका. कातळात कोरलेल्या, काही लाकडी फळ्यांच्या, प्रत्येकीची उंची वेगळी, सगळं ओलं आणि बाजूला हाताला एक स्टीलची केबल. आत सतत टपटप पाणी, ऑगस्टमध्ये बोटं बधिर होतील इतका गारठा. इटालियन बोगदा हजार मीटरच्या वर लांब आहे. मी भाड्याने हेल्मेट आणि हेडलॅम्प घेतला होता, तो दिवा साधारण अर्ध्या वाटेत मिणमिणायला लागला आणि विझला. एका हातात केबल, दुसऱ्या हातात काठी, मग मोबाईल दातात धरला टॉर्च लावून! मागून एक जर्मन आजोबा आले, त्यांनी काही न बोलता आपला जादाचा दिवा माझ्या हेल्मेटला अडकवला आणि पुढे निघून गेले. खाली पार्किंगला पोचले तेव्हा माझ्या मांड्या शिवणयंत्रासारख्या थडथडत होत्या, पुढचे दोन दिवस जिना उलटी उतरत होते.

तरीही सांगते, बघण्यासारखं आहे. आत मध्येच कातळात खिडकी येते, तोफेसाठी पाडलेली, आणि अंधारातून एकदम समोर चिंक्वे तोर्रीचे सुळके. तिथे मी दहा मिनिटं बसून होते (गुडघ्यामुळे पण, खोटं कशाला बोला).

आल्प्सवेडा:
अहो इसारकाठची ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. बाबांना चढताना त्रास नाही ना? मग बोगद्यातून उलटं न्या. सकाळी लागाझुओईच्या पायथ्याच्या फाल्झारेगो पासवर (खिंडीत) गाडी लावा, बोगद्यातून चढा आणि केबल कारने उतरा. सगळे वरून खाली येतात म्हणून आपणही तसंच करायचं असा काही नियम नाहीये. पास २१०५ मीटरवर, वरचा रिफुजिओ २७५२वर, म्हणजे चढ साधारण साडेसहाशे मीटर. कळसूबाईला बारीतून यापेक्षा जास्त चढावं लागतं. फक्त हवा विरळ आहे, गाडी लावता तिथेच तुम्ही कळसूबाईपेक्षा साडेचारशे मीटर उंच असता, तेव्हा आदल्या दिवशी एवढ्या उंचीवर थोडं चालून घ्या. पहिली केबल कार सुटायच्या आधी चढायला लागा, नाहीतर अरुंद जागी वरून येणारी फौज भेटते आणि भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं.

आई आणि मुलगी केबल कारने वर जाऊन रिफुजिओच्या गच्चीवर भेटतील. आईंनी डोळे मिटून घ्यावेत, काही मिनिटांचंच काम आहे.

बाबांना पासवरूनच एक गोष्ट दाखवा. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचे प्रचंड ढीग घसरलेले दिसतात ते नैसर्गिक नाहीत, सुरुंगांनी उडवलेला डोंगर आहे तो. वर ऑस्ट्रियन, आणि त्यांच्या खाली कड्याच्या मधोमध एका अरुंद कपारीवर इटालियन आल्पिनी (म्हणजे त्यांचे डोंगरी सैनिक), मेजर मार्तिनीच्या नावाने ती कपार अजून ओळखली जाते. वरचे खाली सुरुंग लावत होते, खालचे आतून वर खोदत होते. २० जून १९१७ला इटालियनांनी ३३ टन स्फोटकं उडवली. तुम्ही ज्यातून चढणार तो बोगदा त्यासाठीच खोदलेला. शेजारच्या तोफाना डोंगराच्या कास्तेलेत्तो नावाच्या सुळक्यावर आदल्या वर्षी ११ जुलैला ३५ टन, आणि समोर कोल दी लाना, तिथे १७ एप्रिल १९१६च्या रात्री ५ टनांतच शिखर उडालं, शंभरेक ऑस्ट्रियन त्याखाली गेले. त्या डोंगराला इटालियन लोक रक्ताचा डोंगर म्हणतात. आणि एवढं सगळं करून मिळालं काय तर ऑक्टोबर १९१७मध्ये तिकडे पूर्वेला कापोरेत्तोला इटालियन आघाडी फुटली आणि हे सगळं सोडून त्यांना मागे जावं लागलं.

हौशी इतिहासकार:
मराठा लाइट इन्फन्ट्री पण इटलीत लढली होती ना? तीच जागा का ही?

आल्प्सवेडा:
नाही हो, ते दुसरं महायुद्ध आणि बरंच दक्षिणेला. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात गेले, नामदेव जाधवांचं शौर्य ९ एप्रिल १९४५चं, सेनियो नदीवर. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. डोलोमाईट्सशी संबंध नाही, त्यासाठी वेगळी ट्रिप काढा. इथे लढले ते ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली, आणि गंमत बघा, कोर्टिना १९१५पर्यंत ऑस्ट्रियातच होतं. गावातली तरणी पोरं आधीच रशियन आघाडीवर पाठवलेली, त्यामुळे इटलीने युद्ध पुकारलं तेव्हा डोंगर राखायला सुरुवातीला उरले म्हातारे आणि मिसरूड न फुटलेले.

डोंगरकपारी:
तशीच गोष्ट त्रे चिमे या तीन सुळक्यांच्या डोंगराची. आउरोन्झो रिफुजिओपर्यंत गाडी जाते (टोल आहे, आता आधी ऑनलाईन बुक करावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर परत पाठवतात), तिथून लाव्हारेदो रिफुजिओपर्यंत रुंद सपाट रस्ता, आईसुद्धा गप्पा मारत जातील. पुढे खिंडीपर्यंत थोडाच चढ, आणि खिंडीतून समोर ते तीन सुळके आणि बाजूला पातेर्नोचा डोंगर. त्या पातेर्नोवर ४ जुलै १९१५ला सेप इनरकोफ्लर मारला गेला, ४९ वर्षांचा, तिथला नावाजलेला गाईड, समोर दिसतो तो लोकातेल्ली रिफुजिओ तो चालवायचा आणि लढाई सुरू झाल्याबरोबर तोफांनी तो जळाला. वर बसलेल्या दे लुका नावाच्या आल्पिनीने धोंडा टाकून त्याला पाडलं असं म्हणतात, काही जण म्हणतात आपल्याच बाजूची गोळी लागली. आज तिथल्या व्हिया फेराटाला दोघांचं मिळून नाव आहे, दे लुका-इनरकोफ्लर.

चिंक्वे तोर्रीलाही जा. चेअरलिफ्ट आहे, इटालियन तोफखान्याचे खंदक दुरुस्त करून ठेवलेत, मुलगी धावत सुटेल. हवेची सवय व्हायला पहिल्या दिवशी हेच ठेवा. गंजलेली तार, पत्रा, काडतूस काहीही दिसलं तर हात लावायचा नाही, खिशात तर मुळीच नाही, त्या अवशेषांना इटलीत कायद्याचं संरक्षण आहे आणि जिवंत दारूगोळा अजूनही सापडतो.

गुडघेदुखी क्लब:
अहो पण गणपतीच्या आधी म्हणजे श्रावण! आई कांदा-लसूण खात असतील तर ठीक, नाहीतर रिफुजिओत पंचाईत आहे. बार्लीच्या सूपमध्ये डुकराचं मांस असतं, कानेदेर्ली म्हणजे पावाचे मुटके, त्यातही बऱ्याचदा तेच. काझुन्झिएई मात्र मागवा, बिटाचं सारण भरलेल्या करंज्या समजा, वर लोणी आणि खसखस. आणि कायझरश्मार्न, म्हणजे जाड गोड धिरडं मोडून तुकडे केलेलं. कोर्टिनात किचनवालं अपार्टमेंट घ्या आणि सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या करून न्या, मी तेच करते.

इसारकाठची:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. उलटं चढायची आयडिया मला सुचलीच नव्हती, नवरा म्हणतो आम्ही एवढे इंजिनिअर घरात बसून काय करतो. आई श्रावणात कांदा-लसूण खात नाही, त्यामुळे पुऱ्या ठरल्या. तारीखही ठरली, २८ ऑगस्टला येतायत, ९ला परत. गौरीचं सामान आधीच आणून ठेवते म्हणाली.

काल व्हिडिओ कॉलवर बाबांना हा धागा वाचून दाखवला. बोगद्याचं ऐकताना मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, ३३ टन वर नेले कसे, खेचरं की माणसं वगैरे. ग्रान पोझच्या बराकींचं वाचलं तेव्हा "वरून नकार" एवढंच परत म्हणाले आणि फोन आईच्या हातात देऊन आत गेले.

आज सकाळी लिंक नाही आली. त्याऐवजी यादी आलीय: हेडलॅम्प पाच, प्रत्येकाला जादा सेल आणि ते कपड्यांच्या आत अंगालगत ठेवायचे, गारठ्यात सेल लवकर बसतात. लोकरीचे हातमोजे. खाली नीकॅप, दोन्ही पायांना. भाड्याचा दिवा घ्यायचा नाही, हे अधोरेखित.

एकच उरलंय, केबल कारचं खाली यायचं तिकीट फक्त वरच्या स्टेशनवर घेता येतं का, की आईचं-मुलीचं काढताना खालीच काढून ठेवू?