खेळाडू राखून ठेवण्याच्या नियमाने बेसबॉल तगले, की खेळाडू बांधले गेले?

धागालेखक:
अमेरिकेतील पहिली व्यावसायिक बेसबॉल संघटना १८७१ मध्ये न्यू यॉर्कला स्थापन झाली, तेव्हा दहा डॉलर भरणाऱ्या कोणत्याही क्लबला तिच्यात प्रवेश मिळे. परिणामी काही क्लब हंगाम अर्धवट सोडत, दूरच्या दौऱ्याचा खर्च नको म्हणून ठरलेले सामने टाळत, आणि जास्त पगार देणाऱ्याकडे खेळाडू निघून जात. १८७६ मध्ये शिकागो क्लबचे प्रमुख विल्यम हल्बर्ट यांनी नॅशनल लीग उभी केली. १८७९ मध्ये तिने प्रत्येक क्लबला पाच खेळाडू राखून ठेवण्याची मुभा दिली. त्या पाचांशी इतरांनी करार करायचा नाही, असे मालकांनी आपसांत ठरवले. माझ्या मते या नियमाशिवाय व्यावसायिक बेसबॉल तगले नसते.

प्रतिसाद १:
असहमत. अर्धवट हंगामांचा बंदोबस्त लीगने आधीच केला होता. पश्चिमेचा दौरा टाळणारे न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियाचे क्लब १८७६ अखेर काढून टाकले गेले, तेही ही देशातील सर्वांत मोठी शहरे असताना. १८७९ चा नियम पगार आवरण्यासाठी आला. शिवाय पळवापळवीत हल्बर्ट स्वतः कोणाला हार जाणारे नव्हते: १८७५ चा हंगाम चालू असतानाच बोस्टनच्या स्पाल्डिंग, बार्न्स, मॅकव्हे आणि व्हाइट यांना त्यांनी पुढच्या वर्षासाठी शिकागोकडे वळवले होते. स्वतःचा संघ भरून झाल्यावर दार लावून घेण्याला मी सुधारणा म्हणणार नाही.

धागालेखक:
नुसत्या शिस्तीवर क्लब चालत नाहीत, जमाखर्च जुळावा लागतो. १८७७ नंतर सेंट लुइस, हार्टफर्ड आणि लुइव्हिल बाहेर पडले (लुइव्हिलला सामने विकणाऱ्या चार खेळाडूंचे प्रकरणही भोवले), आणि १८७८ मध्ये लीग जेमतेम सहा क्लबांवर आली. पाचांत नाव येणे सुरुवातीला खेळाडूंनाही नोकरीची हमी वाटे.

प्रतिसाद २:
ती हमी एकतर्फी होती. क्लब खेळाडूला काढू शके, खेळाडू मात्र क्लब सोडू शकत नसे. आणि पाचांचा आकडा वाढत वाढत जवळपास अख्ख्या संघावर गेला. कायद्याची पदवी घेतलेले खेळाडू जॉन माँटगोमरी वॉर्ड यांनी १८८५ मध्ये खेळाडूंची संघटना काढली, तिच्यातूनच १८९० ची प्लेयर्स लीग उभी राहिली, आणि नामांकित खेळाडूंपैकी बरेच जण तिकडे गेले.

धागालेखक:
आणि ती एका हंगामात बुडाली.

प्रतिसाद २:
भांडवल घालणाऱ्यांनी नॅशनल लीगशी परस्पर तडजोड केली म्हणून बुडाली. खेळाडूंच्या प्रतिनिधींना त्या वाटाघाटींतून बाजूला काढण्यात आले. पुढे १९७५ मध्ये लवादाने या नियमाची पकड मोडली, तरी बेसबॉल चालूच आहे.

धागालेखक:
१९७५ च्या क्लबांकडे दूरचित्रवाणीचा पैसा होता. १८७९ च्या मालकाची मुख्य मिळकत म्हणजे दारावरचे पन्नास सेंटांचे तिकीट. हे दोन काळ एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.