पर्वरीत राहून स्वतःची मोटारबोट बाळगावी का?

पर्वरीकर

नमस्कार. पुढच्या वर्षी मी सेवानिवृत्त होत आहे आणि बरीच वर्षे मनात घोळणारा एक विचार आता निर्णयापाशी येऊन थांबला आहे. इथे गोव्यात शिवोलीजवळ 18 फुटी फायबरची एक मोटारबोट विकाऊ आहे. तिला 60 अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेले) इंजिन असून ट्रेलरसह मालकाची मागणी 11 लाखांची आहे. मला मासेमारी करायची नाही, पर्यटकांना फिरवून पैसेही मिळवायचे नाहीत. संध्याकाळी पत्नीला घेऊन मांडवी नदीत फिरावे, नातवंडे आली की दिवाडी-कुंभारजुवे बेटांपर्यंत जाऊन यावे, एवढीच हौस आहे. आमचे घर नदीकाठी नाही. घरच्यांचे म्हणणे असे की, एवढ्या पैशांत जन्मभर भाड्याच्या बोटीतून फिरता येईल. विकत घेण्याचा खर्च मला समजतो. त्यानंतर दर वर्षी काय लागते, आणि ते सोसूनही लोक बोट का ठेवतात, हे ज्यांच्याकडे बोट आहे त्यांनी कृपया सांगावे.

बेतीकाठ

किमतीपासून सुरुवात न करता जागेपासून करा. बोट आठ महिने कुठे बांधणार आणि पावसाळ्याचे चार महिने कुठे ठेवणार, याचे उत्तर ज्याच्याजवळ नाही त्याने 11 लाखांचीच काय, फुकट मिळालेली बोटही घेऊ नये. जूनमध्ये नदी समुद्राला मिळते तिथे, आग्वादपाशी, वाळूचा बांध आणि लाटा मिळून मांडवीचे तोंड जवळजवळ बंद होते, नदीला लोंढा येतो आणि झाडांचे ओंडके वाहत येतात. तेव्हा बोट पाण्याबाहेर, छपराखाली हवी. नुसती ताडपत्री पुरत नाही, कारण आपल्या पावसात उघड्यावरची बोट आतून भरते. ट्रेलर मिळतो आहे ही त्या व्यवहारातली सर्वांत चांगली गोष्ट, मात्र तो खाऱ्या पाण्यात उतरवला की त्याच्या बेअरिंगची देखभाल हे वेगळे प्रकरण होते.

इंजिनाचे म्हणाल, तर सर्वसाधारणपणे दर 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करतात. आपल्यासारखी हौशी माणसे वर्षाला 100 तास क्वचितच चालवतात, म्हणून वर्षाचाच हिशेब धरावा: इंजिन ऑइल, गिअरचे ऑइल, पाणी खेचणाऱ्या पंपाचा इम्पेलर आणि धातू कुरतडला जाऊ नये म्हणून लावलेले अ‍ॅनोड. प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने धुणे हा खर्च नव्हे, शिस्त आहे. पण जिथे बोट बांधाल तिथे नळ नसेल तर ती शिस्त महिनाभरही टिकत नाही.

पेट्रोलविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण विकणारा ते सांगत नाही. 60 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगात तासाला 20 लिटरहून अधिक पेट्रोल पिते. निवांत चालवल्यास निम्म्याहूनही कमी लागते. खरी अडचण निराळी आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि ओल फार झाली की ते पाण्यासह टाकीच्या तळाशी वेगळे बसते. इंजिन नेमके तळातलेच इंधन खेचते. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करणे आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे याला पर्याय नाही.

सरकारी बाजू तुलनेने सोपी आहे. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा पाहावा लागतो. आपल्याकडे हे काम पणजीच्या बंदर कप्तान खात्याकडे चालते. नवी बोट घ्यायची असती तर 22 सप्टेंबर 2025 पासून हौशी बोटींवर 40 टक्के जीएसटी आहे. खासगी मालकाकडून जुनी घेताना तो भुर्दंड नाही. किमतीच्या दहा टक्के दर वर्षी देखभालीला, असा एक ठोकताळा सांगतात. जुन्या बोटीसाठी मला तो अपुरा वाटतो.

दिवाडीचा शेजारी

वरचा हिशेब रास्त आहे, पण तो वाचून कोणी बोट घेणार नाही, म्हणून दुसरी बाजू लिहितो. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा भरतीच्या पाण्यात, इंजिन मंद ठेवून पार करणे हे सुख भाड्याच्या बोटीतून मिळत नाही. तिथे वेळ दुसऱ्याची असते, आणि तो कालवा घाईत पाहण्याचा नाही. दोन्ही बाजूंना खारफुटी, मधूनच चिखलात पहुडलेली मगर, डोक्यावरून जाणारा समुद्री गरुड. थांबावेसे वाटले तिथे इंजिन बंद करता येते, हीच मालकीची खरी मिळकत. एके काळी आग्वादचे तोंड बंद असताना पावसाळ्यातली वाहतूक याच वाटेने होत असे.

माझा आग्रह असा की, तुम्ही वेगाच्या मागे लागू नका. चोडण-दिवाडीच्या बाजूला खाजनांचे (खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींचे) मातीचे बांध आहेत आणि जोरात गेलेल्या बोटीच्या लाटा ते खालून पोखरतात. खुबे-तिसऱ्या काढणारी माणसे कमरेभर पाण्यात उभी असतात, लहान होड्या किनाऱ्याला टेकलेल्या असतात. शहरातून आलेले काही हौशी लोक हे पाहतच नाहीत, आणि गावच्या धक्क्यावर बोट बांधायला जागा का मिळत नाही म्हणून नंतर आश्चर्य करतात.

भरती-ओहोटीचे कोष्टक वाचायला शिका. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते. नातवंडे बरोबर असताना ओहोटीत गाळात रुतलात, तर पुढची भरती येईपर्यंत गोष्टी सांगत बसावे लागेल.

कुठ्ठाळीहून

स्पष्ट मत देतो: एकट्याने घेऊ नये. ज्या बोटी धक्क्याला बांधून सडतात त्या बहुधा एकाच मालकाच्या असतात, कारण पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरला की आठवड्याला एकदा इंजिन सुरू करायलाही कोणी जात नाही, आणि वापरापेक्षा न वापरल्यानेच आउटबोर्ड लवकर बिघडते. तीन-चार कुटुंबांनी मिळून घेतली तर खर्च वाटला जातो आणि बोट चालती राहते. मात्र नोंदणीवर नावे कोणाची, मोडतोड कोणी भरायची आणि नाताळच्या आठवड्यात बोट कोणाकडे, हे आधीच कागदावर असावे. मैत्री शेवटच्या मुद्द्यावरच तुटते.

पर्वरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जागेचा प्रश्न मी खरोखरच दुय्यम धरला होता. रायबंदरला एका नातेवाइकांचे नदीला लागून घर आहे आणि अंगणात उंच छपराची शेड आहे; त्यांना भागीदारीविषयी विचारले, तर ते माझ्याहून अधिक उत्साही निघाले. चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत घ्यावे असे ठरवले आहे. शिवोलीची ती बोट पाहायला रविवारी जाणार आहोत. पाहताना नेमके काय तपासावे?

बेतीकाठ

रायबंदरची शेड असेल तर माझा निम्मा विरोध मावळला. इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगलेले असते ती आधी तपासा. जुन्या फायबरच्या बोटीत तिच्या आत बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते. लाकडी दांड्याने ठोकून पाहा. टणक आवाजाऐवजी बोदा आवाज आला, किंवा इंजिनाचा खालचा भाग धरून वरखाली केल्यावर ती भिंत हलली, तर किंमत कितीही उतरवली तरी परत या. इंजिन किती तास चालले याचा आकडा विचारा, पण सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मेकॅनिककडून मोजून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. गिअरचे थोडे ऑइल काढून पाहा. ते दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी अडवणारे सील गेले आहे. बोट प्रत्यक्ष पाण्यात उतरवून चालवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार त्याच्या बाजूने नीट पडते का ते पाहा. तुम्ही पोहोचण्याआधीच मालकाने इंजिन चालू करून गरम ठेवले असेल, तर चहा घेत बसा आणि ते पुरते थंड झाल्यावर स्वतः सुरू करा, कारण गरम इंजिनात सुरू होण्यातला दोष लपतो.