जिन्याखालच्या कपाटात इन्व्हर्टरची बॅटरी, गॅस कुठून काढायचा?

खानापूरकर: पावसात लाईटचा भरवसा नाही, म्हणून १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या जिन्याखालच्या लाकडी कपाटात ठेवल्यात. काल दार उघडलं तर आत उबट हवा, टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर. वास काही नाही. म्हणजे गॅस नाही असं समजू का?

रिपेरीवाला, शहापूर: नको ओ! चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला वासच नसतो. हवेत ४ टक्के झाला की स्फोटाला ठिणगी पुरते. हलका असतो, वरच्या कोपऱ्यात साचतो. कपाटाच्या छताला लागून एक भोक पाडा, समोरच्या बाजूला तळाशी दुसरं. वरच्या भोकातून पाईप सतत वर चढत जाईल असा बाहेर न्या, मध्ये खाली वाकवू नका. टोकाला जाळी लावा, कुंभारमाशी घर करते. चिखलानं गच्च झालेली नळी मी स्वतः काढलीय.

निपाणीकर: इन्व्हर्टर बॅटरीच्या वरच्या फळीवर असेल तर आधी हलवा. आत रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच असतो, ठिणगी पडते.

खानापूरकर: तिथंच आहे की हो! उद्याच हलवतो. फॅन बसवू?

रिपेरीवाला, शहापूर: बसवलात तर खालून हवा आत ढकलणारा. मोटर गॅसच्या वाटेत नको. आणि कुजक्या अंड्याचा वास आला (तो दुसऱ्या गॅसचा) तर चार्जिंग बंद करा, दारं-खिडक्या उघडा. बॅटरी ओव्हरचार्ज होतेय.