मदत हवी आहे: लाईट पेंटिंगमध्ये प्रकाशाच्या रेषा मॉडेलच्या अंगातून आरपार दिसतायत

घाटवाट_भोर
नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे. येत्या शनिवारी परत शूट ठेवलंय आणि मागच्या खेपेचे सगळे फोटो वाया गेलेत. मावसबहीण भरतनाट्यम शिकते, ती पोझमध्ये उभी आणि तिच्या मागे प्रकाशाचे पंख, अशी लाईट पेंटिंगची (अंधारात शटर उघडं ठेवून दिवा हवेत फिरवून चित्र काढायची) कल्पना आहे. रात्री नदीच्या पात्रात गेलो होतो, ट्रायपॉड, रिमोट, एलईडी पट्टी सगळं नेलं होतं. पण पंखांच्या रेषा तिच्या अंगातून आरपार जातायत, चेहरा पुसट आणि पांढुरका आलाय, आणि रेषा पण सलग नाहीत, तुटक तुटक. तीन तास उभी होती ती, एक फोटो धड नाही आला. सेटिंग सांगा प्लीज, लवकर.

शटरवेडा
कोणती सेटिंग सांगायची? कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) किती, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) किती, शटर किती सेकंद उघडं, फ्लॅश होता का, हे काहीच लिहिलेलं नाही. एक फोटो टाका आधी.

मिसळपुणेरी
लाईट पेंटिंग करायचंच तर स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांची लोकर) जाळून करा, पट्टीबिट्टी सोडा. अंडी फेटायच्या तारेच्या व्हिस्कमध्ये भरायचं, साखळीला बांधायचं, ९ व्होल्टची बॅटरी टेकवली की पेटतं, मग गरागरा फिरवायचं. ठिणग्यांचं असं छत्र येतं की बघत राहाल. मॉडेल मधे उभी करायची. मी दोन वर्षं हेच करतोय.

घाटवाट_भोर
कॅमेरा कॅनन १५००डी, किट लेन्स. आयएसओ ८००, अॅपर्चर ३.५, शटर ३० सेकंद. अंधार होता म्हणून आयएसओ वाढवला. फ्लॅश होता. फोटो टाकता येत नाही, बहिणीने सांगितलंय की खराब फोटो कुठे टाकू नकोस.

रानफूल
@मिसळपुणेरी, मार्च चालू आहे, गवत वाळून कोरडं झालंय, आणि तुम्ही ठिणग्या उडवायला सांगताय? दरवर्षी सह्याद्रीत वणवे लागतात त्यातले बरेचसे माणसाने लावलेले असतात. ठिणगी म्हणजे जळतं लोखंड आहे, ती कित्येक मीटर लांब जाऊन पडते. कॅलिफोर्नियात पॉइंट रेयेसला किनाऱ्यावर अडकलेली एक जुनी बोट २०१६ मध्ये जळाली, तिथेही संशय स्टील वूल फिरवणाऱ्या फोटोग्राफर लोकांवरच होता. आणि मधे मुलगी उभी करायची, नृत्याच्या साडीत? अजिबात करू नका.

मिसळपुणेरी
मी समुद्रकिनाऱ्यावर करतो, ओल्या वाळूवर, तेही पावसाळ्यानंतर. डोळ्याला गॉगल, डोक्याला टोपी, सुती कपडे, शेजारी पाण्याची बादली. काळजी घेतली तर काही होत नाही. गवतात कर असं मी कुठे म्हटलंय?

रानफूल
त्यांनी नदीचं पात्र लिहिलंय, काठाला गवतच असतं.

कोकणकडा७
भांडी घासायची तारेची घासणी चालेल का यासाठी? घरात दोन पडल्यात.

मिसळपुणेरी
नाही, ती जाड असते, पेटत नाही. शून्य शून्य शून्य शून्य नंबरचं बारीक स्टील वूल लागतं, पॉलिशवाल्यांकडे मिळतं.

शटरवेडा
विषय भरकटतोय. @घाटवाट, चंद्र होता का त्या रात्री? आणि फ्लॅश कधी मारला, सुरुवातीला की शेवटी?

घाटवाट_भोर
पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेलो होतो, म्हणजे पायाखालचं तरी दिसेल. फ्लॅश सुरुवातीला. फ्लॅश पडला की ती बाजूला येऊन दुसरी पट्टी घ्यायची, कारण दोन पंख मला एकट्याला ३० सेकंदांत जमत नव्हते.

शटरवेडा
थांबा. ती फ्रेममधून बाहेर यायची? हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, सगळं उत्तर इथेच आहे.

घाटवाट_भोर
फ्लॅशने माणूस फ्रीज होतो ना? मग पुढे थांबायचं कशाला? मी बघितलेल्या व्हिडिओत तरी मुलगी निघून गेलेली होती.

शटरवेडा
फ्लॅशने तिचा प्रकाश नोंदवला जातो, तिची जागा राखली जात नाही. शटर उघडं आहे तोवर सेन्सर नुसती भर घालत जातो, वजाबाकी त्याला येत नाही. काळोख आला म्हणून आधीचं पुसलं जात नाही आणि आधी माणूस उभा होता म्हणून नंतरचा प्रकाश अडत नाही. ती निघून गेली, मग तिच्या जागी मागचं पाणी, खडक आणि तुमचे पंख सगळं नोंदवलं गेलं, तिच्याच चेहऱ्यावर. रेषा अडवायला तिचं शरीर तिथे हवं, भिंतीसारखं, शटर बंद होईपर्यंत. व्हिडिओतल्या मुलीच्या मागे बहुतेक ठार काळोख असेल आणि रेषा तिच्या बाजूने काढल्या असतील, तेव्हा निघून गेलेलं खपतं.
आणि चंद्र. जवळजवळ पूर्ण चंद्राच्या उजेडात आयएसओ ८००, ३.५ आणि ३० सेकंद म्हणजे फोटो दिवसा काढल्यासारखा दिसणार. आयएसओ १०० आणि अॅपर्चर ८ करा, चाळीसेक पट कमी उजेड नोंदवला जाईल, मागचं सगळं काळं होईल.

जुनीलेन्स
फ्लॅश नेहमी शेवटी मारावा, शटर बंद होण्याआधी, रिअर कर्टन म्हणतात त्याला. फिल्मच्या काळापासून आम्ही हेच करत आलोय. आधी चित्र काढून घ्यायचं, मग माणूस उजळायचा.

शटरवेडा
काका, आदराने सांगतो, ती जागेवर असेल तर आधी काय आणि शेवटी काय, बेरीज तीच येते.

जुनीलेन्स
बेरीज तीच येते हे कागदावर. फ्लॅश आधी पडला की माणसाला वाटतं आपलं काम झालं, मग तो सैल पडतो, मान हलते आणि मागच्या पंखात डोक्याची कड दोनदा येते. शेवटी फ्लॅश आहे हे माहीत असलं की तो शेवटपर्यंत ताठ राहतो. मी माणसाबद्दल बोलतोय, सेन्सरबद्दल नाही. १९४९ मध्ये जॉन मिली या फोटोग्राफरने पिकासोचे प्रकाशरेषांचे फोटो फ्रान्समध्ये काढले, त्याआधी त्याने पिकासोला बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांचे फोटो दाखवले होते, त्यांच्या बुटांना छोटे दिवे लावून अंधारात उड्या मारतानाचे. ते बघूनच पिकासो तयार झाला. पण त्यात पिकासो स्वतःच्या पुढ्यात हवेत चित्र काढतो, म्हणून रेषा त्याच्या अंगावरून जातात आणि तिथे ते हवंच असतं. तुम्हाला रेष मागे हवी आहे, तर तुम्ही तिच्या मागेच राहायला हवं. चुकून पुढे आलात तर रेष अंगावर येणारच.

कोकणकडा७
मोबाईलवर होतं का हे? माझ्याकडे प्रो मोड आहे.

घाटवाट_भोर
मोबाईलचं कृपया वेगळ्या धाग्यात विचारा. माझा शनिवार जवळ येतोय. रेषा तुटक का येतात ते कोणी सांगेल का?

सोल्डर_नाशिक
मी सांगतो. पट्टीचा ब्राईटनेस रिमोटने कमी केला होता का? एलईडीचा कंट्रोलर उजेड कमी करताना दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू बंद करतो, डोळ्याला कळत नाही, पण पट्टी हवेतून फिरवली की प्रत्येक चालू बंदचा वेगळा ठिपका उमटतो. पट्टी पूर्ण ब्राईटनेसवर ठेवा, उजेड जास्त वाटला तर वरून ट्रेसिंग पेपर नाहीतर रंगीत जिलेटीन गुंडाळा. जिलेटीन मी गणपतीच्या सजावटीतलंच वापरतो.

घाटवाट_भोर
हो, ३० टक्क्यांवर ठेवली होती, डोळ्यावर येत होती म्हणून. हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, खूप आभार.

तत्कार
मी स्वतः नाचते म्हणून लिहिते. कोणती पोझ घेतली होती? नटराजासारखी एका पायावर असेल तर ३० सेकंद अगदी स्थिर राहणं फार कठीण, आणि अरमंडीत (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसल्यासारखं उभं राहणं) पंधरावीस खेपा झाल्या की मांड्या थरथरतात. दोन्ही पाय जमिनीवर आणि कंबर कॅमेऱ्याच्या उलट बाजूला एखाद्या काठीला टेकलेली, असं उभं करा, काठी अंगामागे दिसत नाही. श्वास सोडून मग शटर. हात वर असतील तर कोपरं अंगाजवळ ठेवायला सांगा. ३० सेकंदांच्या ऐवजी १२ ते १५ सेकंदांत दोन पंख बसवायचा सराव तुम्ही करा, तिच्याकडून सहनशक्ती मागू नका. आणि तीन तास उभी केलीत तिला, ते मला अजिबात आवडलेलं नाही. मधे बसवा, शाल द्या, गरम काहीतरी प्यायला द्या.

घाटवाट_भोर
बरोबर आहे ताई. अरमंडीच होती. दुसऱ्या दिवशी क्लासला तिचे पाय दुखत होते, मला वाईट वाटलं म्हणूनच या वेळी एकदाच नीट करायचंय.

बारवप्रेमी
पात्र नेमकं कुठलं? भोरच्या वर नीरा देवघर धरण आहे, उन्हाळ्यात शेतीचं आवर्तन सुटलं की पात्रातलं पाणी रात्रीतून वाढतं. गावातल्या कोणाला तरी विचारून जा. दगडाखाली फुरसं असतं, बूट घाला, तिला अनवाणी उभं करणार असाल तर आधी जागा टॉर्चने नीट बघा आणि खाली चटई टाका. घरचं आणखी एक मोठं माणूस सोबत असलेलं बरं.

शटरवेडा
तेच माणूस दुसरी पट्टी धरेल, म्हणजे तिला हलायला नको.

रानफूल
आणि चंद्र टाळायचा असेल तर कॅलेंडरात संकष्टी बघा. त्या दिवशी चंद्रोदय साधारण रात्री ९ च्या आसपास असतो, पुढे रोज पाऊणएक तास उशीर होत जातो. संकष्टीनंतर दोनतीन दिवसांनी गेलात तर अंधार पडल्यापासून साडेदहापर्यंत निवांत काम होतं, आणि परतायच्या वेळेला चंद्र असतो.

घाटवाट_भोर
शनिवार संकष्टीच्या तिसऱ्या दिवशी येतोय! हे मी पाहिलंच नव्हतं. अजून एक, फोटो झाल्यावर कॅमेरा अर्धा मिनिट बिझी दाखवतो, कार्ड खराब आहे का?

शटरवेडा
नाही. लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन चालू असेल. जेवढा वेळ फोटो तेवढाच वेळ कॅमेरा शटर बंद ठेवून एक काळा फोटो घेतो आणि त्यावरून नॉईज (फोटोतले नको असलेले ठिपके) काढतो. बंद करा, १५ सेकंदांना गरज पडत नाही. फोकस तिच्या चेहऱ्यावर टॉर्च मारून घ्या आणि लगेच मॅन्युअलला टाका, नाहीतर पुढच्या वेळी लेन्स अंधारात नुसती शोधत बसेल. लेन्सचा स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) ट्रायपॉडवर बंद. आणि फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवू नका, हातात घेऊन बाजूने त्याचं टेस्ट बटण दाबा, चेहरा सपाट येणार नाही.

घाटवाट_भोर
काल रात्री गच्चीवर करून पाहिलं. बहीण नव्हती, धाकट्या भावाला उभं केलं. सोसायटीचा दिवा लागत होता म्हणून आयएसओ १०० आणि अॅपर्चर ११ वर गेलो, १४ सेकंद. रेषा अंगामागे अडली, एकही आरपार नाही! पट्टी पूर्ण ब्राईटनेसवर ट्रेसिंग पेपर लावून, रेष एकदम सलग. फक्त उजव्या पंखाशेजारी माझा हात आणि मनगटावरचं घड्याळ दिसतंय.

जुनीलेन्स
काळा फुल बाह्यांचा शर्ट, काळे हातमोजे, घड्याळ काढून खिशात. पट्टीच्या मागच्या बाजूला काळी इन्सुलेशन टेप लावा, तिचाच उजेड तुमच्या हातावर पडतोय.

घाटवाट_भोर
टेप आणतो आज. शनिवारचा फोटो बहिणीने हो म्हटलं तर इथे टाकतो.

कोकणकडा७
मोबाईलचा धागा काढलाय, कोणीतरी बघा.