पीएसपी व्हिडिओ घेईना, एन९५ ॲप घेईना

प्रश्न: सोनीचा पीएसपी-२००० (हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) आणि नोकिया एन९५ फोन, दोन्ही अजून ठणठणीत. पण पीएसपीत एमपी४ टाकलं की 'अनसपोर्टेड डेटा'. तीच फाइल लॅपटॉपवर मस्त चालते. एन९५ वर कुठलीही एसआयएस फाइल (ॲप टाकायची फाइल) उघडली की सर्टिफिकेट संपल्याची बोंब. काय करू?

उत्तर १: एमपी४ हे नुसतं वेष्टन, आत काय भरलंय ते बघ. हल्लीच्या फायली बहुधा एच.२६५ किंवा एच.२६४ हाय प्रोफाइलच्या (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती). पीएसपीला त्या झेपत नाहीत. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४, मेन प्रोफाइल, लेव्हल ३.०, आवाज एएसी स्टिरिओ ठेव. आकार ४८० × २७२. पडदाच तेवढा, जास्त पिक्सेल कोंबून कोणाचं भलं होणार? फाइल मेमरी स्टिकवरच्या 'व्हिडिओ' फोल्डरमध्ये टाक. 'पीएसपी' फोल्डरच्या आत टाकलीस तर दिसायचीच नाही.

उत्तर २: एन९५ ची तारीख २००८ च्या आसपास ने, ॲप टाक, मग तारीख पूर्ववत कर. फारच मागे नेलीस तर सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून अडेल. ॲप मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ऑनलाइन तपासणीही बंद कर. ॲपवर डिजिटल सहीच (सर्टिफिकेटच) नसेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही.

प्रश्नकर्ता: व्हिडिओ लागला! एन९५ रात्री बघतो. पीएसपीचं मागचं झाकण नीट बसत नाहीये, ते का?

उत्तर १: बॅटरी फुगली असणार. आधी ती काढ, चार्जिंगला अजिबात लावू नकोस. पीएसपी नुसत्या अडॅप्टरवरही चालतो.