‘कमेन्सल’ला मराठीत काय म्हणावं?

धुंडिराज : बाळंतिणींसाठीची एक पुस्तिका मराठीत आणतोय. आतड्यात कायम मुक्कामाला असलेल्या, त्रास न देणाऱ्या जीवाणूंना मुळात ‘कमेन्सल’ म्हटलंय. मी लिहिलं, ‘रोगप्रतिकारशक्ती सहभोजी जीवाणूंना सहन करायला शिकते.’ मावशीला वाचून दाखवलं. तिची तीस वर्षं अंगणवाडीत गेली. म्हणाली, “सहन करण्यासारखं काय केलं त्या बिचाऱ्यांनी? आणि जेवायला कोण बसलंय?” दोन्ही शब्द एका दमात गारद. सुचवा. शुक्रवारी प्रत द्यायचीय.

खडूसपंत : सहभोजी अगदी बरोबर आहे. लॅटिनमध्ये ‘मेन्सा’ म्हणजे जेवणाचं टेबल. बेल्जियमचे प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन यांनी १८७०च्या दशकात हा शब्द जीवशास्त्रात रुजवला. मावशींना कळेना म्हणून शब्द टाकायचे, तर परिभाषा हवीच कशाला?

पोटोबा : सहभोजन म्हटलं की मला अनंत हरी गद्र्यांचे झुणका-भाकर सत्यनारायण आठवतात. तिथे सगळ्या जातींचे लोक एका पंगतीला. आतड्यात कुठली पंगत? आपल्याला न पचलेला चोथा यांच्या वाट्याला! माझं मत ‘पोटभाडेकरू’ला.

सातबारा : हसलो, पण चूक. पोटकलम, पोटजात, पोटहिस्सा यांतलं पोट म्हणजे आतला, दुय्यम. मूळ भाडेकरूनं परस्पर घुसवलेला तो पोटभाडेकरू. मग इथे मालक कोण? महसुलात असताना एका तरुणानं उताऱ्यावरच्या ‘पोटखराबा’वर (म्हणजे लागवडीला न येणाऱ्या तुकड्यावर) बोट ठेवून विचारलं होतं, “जमिनीला काय झालंय?”

पोटोबा : शब्दाला दोन पोटं असली तर बिघडलं कुठे? शिवाय भाडं चोख देतात. चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल करतात, मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात.

अणुरेणू : प्रयोगशाळेत आम्ही बोलताना कमेन्सलच म्हणतो, त्यामुळे त्यावर पास. पण ‘सहन करणं’वर मावशींना माझं मत. ते सोसणं नाहीच, हात न उगारता नजर ठेवणं आहे. आयजीए नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) या जीवाणूंना नुसती लपेटून अस्तरापासून लांब ठेवतात. बाकी सगळ्या प्रकारची प्रतिपिंडं मिळून होणार नाहीत एवढं आयजीए शरीर रोज बनवतं! मोठ्या आतड्यात वर शेंबडासारखे दोन थर. जीवाणू बाहेरच्या थरात, आतला जवळपास रिकामा. म्हणजे ओसरीवर खुशाल बसा, माजघरात पाऊल नको. आणि जन्मापासून जंतुविरहित ठेवलेल्या उंदरांत आयजीए अगदीच कमी, आतड्यातल्या प्रतिकारपेशींच्या गाठीही खुरटलेल्या. पहारेकरी तयार होतो तो या बिऱ्हाडकरूंमुळेच. पहारेकऱ्यालाही आवरणाऱ्या टी-पेशी नावाच्या प्रतिकारपेशी असतात. २०२५चं वैद्यकाचं नोबेल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना या पेशींविषयीच्याच शोधांसाठी मिळालं. ब्युटिरेटनं त्या पेशी वाढतात, असं उंदरांत दिसलंय.

केळफूल : ओसरी आवडली. मग ‘सांभाळून घेते’ म्हणा ना.

खडूसपंत : सांभाळून घेण्यात समोरच्याची चूक गृहीत आहे. ‘खपवून घेणं’ तर त्याहून वाईट. ‘सहिष्णुता’ ठेवा.

केळफूल : सहिष्णुता भाषणात. घरात आम्ही ‘रुळणं’ म्हणतो. नवी सून रुळली की सासूनं तिला सहन केलं असं कुणी म्हणत नाही. (निदान तोंडावर.) ‘हे जीवाणू अंगात रुळतात’, झालं!

अणुरेणू : पण मग रुळण्याचं सगळं श्रेय जीवाणूंना. शिकते ती रोगप्रतिकारशक्ती. ते निसटतंय.

तिरकस : सरळ ‘चांगले जंतू’ लिहा.

खडूसपंत : जंतू वाचून बाळंतीण फिनेल शोधेल.

तिरकस : गीतेत ‘तेन मुह्यन्ति जन्तवः’ आहे, पाचवा अध्याय. तिथे जंतू म्हणजे तुम्ही-आम्ही. आणि आकडा बघा : अंगातल्या आपल्या पेशी अंदाजे ३० लक्ष कोटी, जीवाणू ३८ लक्ष कोटी. भाडेकरू कोण ते आधी ठरवा.

पोटोबा : एकास दहा म्हणायचे ना?

अणुरेणू : तो जुना अंदाज. २०१६ साली नव्यानं हिशेब झाला. सगळे मिळून वजन पाव किलोच्या आतच.

धुंडिराज : मंडळी, पुढचं वाक्य बघा. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या साखरा आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू खातात. एकाच दुधावर दोघं. इथे ‘सहभोजी’ मावशीलाही पटला! पण ‘सहन करणे’ अजून तसंच आहे. आणि पहिल्या दुधाला मी ‘चीक’ लिहिलंय.

केळफूल : बाईच्या दुधाला चीक? चीक गाईम्हशीचा.

सातबारा : आमच्याकडे आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘चीकदूध’ रंगवलंय, आईचंच.

केळफूल : भिंतीवर असेल. आमच्याकडे चीक म्हटलं की खरवसच.

पोटोबा : नुसत्या चिकाचा की दूध घालून?

सातबारा : पहिल्या दिवसाचा दाट असतो, दूध घालावंच लागतं.

धुंडिराज : आज गुरुवार आहे.

पोटोबा : गूळ की साखर?